डॉक्टरांनी बसवलेली मान

जेवणाच्या सुट्टीत आमच्या जनावरांच्या दवाखान्यात कोणी नवखा माणूस आला, तर त्याला औषधांच्या खोलीत एक दृश्य दिसायचं. स्टुलावर डॉक्टर बसलेले. पायात गमबूट, मांडीवर लांबलचक बास गिटार, कानात स्टेथोस्कोप आणि त्याचं दुसरं टोक चिकटपट्टीनं गिटारच्या लाकडावर डकवलेलं. डोळे मिटलेले, बोटं चालू, आवाज शून्य. नवखा माणूस दारातच थबकायचा आणि हळूच माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, "मॅडम, डाक्टरसाहेब काय तपासून राहिले?"

"सराव करताहेत. थोडं थांबा. जनावर झाडाखाली बांधा, इथे दारात नको."

माझं उत्तर ठरलेलं होतं. त्या दवाखान्याचं कार्यालय मी सांभाळत असे. लसींचा साठा, चाव्या, बर्फ, हजेरी, वरून आलेल्या पत्रांची उत्तरं, सगळं माझ्याकडे. गिटार तेवढी माझ्या कोणत्याच यादीत बसत नव्हती. ही गिटार विजेवर बोलते, त्याशिवाय तिचा आवाज हातभर अंतरावरही पोचत नाही. डॉक्टरांनी एकदा घरचा अँप्लिफायर आणला होता. पहिलाच सूर निघाला आणि बाहेर तपासणीच्या लाकडी खोड्यात उभी असलेली गाय दावं तोडून रस्त्यापर्यंत गेली. मी त्याच दिवशी अँप्लिफायर परत पाठवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. "तुमचा नियम पाळला, मॅडम," म्हणाले. "गायही खुश, मीही खुश."

माणूस मोठा होता, आवाज त्याहून मोठा. वाजवायला मात्र त्यांनी असं वाद्य धरलं होतं की जे कोणाला ऐकूच येत नसे. हा योग कसा जुळला ते ते स्वतःच सांगत, आणि विचारलं नाही तरी सांगत. नागपूरला शिकताना वसतिगृहातल्या पोरांनी बँड काढला. साध्या गिटारीसाठी सगळ्यांची भांडणं झाली. बास कोणालाच नको होती. "कोणी घेत नव्हतं म्हणून मी घेतली. कळपातलं जे वासरू मागं राहते ते आपलं, हा आपला हिसाब." पुढे बँड मोडला, गिटार राहिली. सिहोऱ्याला पहिली नेमणूक झाली तेव्हा मोटरसायकलच्या एका बाजूला औषधांची पेटी आणि दुसऱ्या बाजूला ही काळी, लांब पेटी बांधून ते खेडोपाडी हिंडले. लोकांना वाटायचं, हे मोठ्या जनावराचं इंजेक्शन. एका गावात तर पेटी पाहूनच एक बैल लंगडायचा थांबला, असं ते शपथेवर सांगत. बैलाला पेटी कशी कळली, हे मी विचारलं तर म्हणाले, "मालकाले कळली ना."

लोक त्यांना नेहमी एकच प्रश्न विचारायचे. डॉक्टर, तुमी वाजवता, पन ऐकू तं काहीच येत नाही. यावर त्यांचं उत्तर होतं, "नाडी कधी ऐकू येते का? बोटाले लागते. नाही लागली तर समजा, काम खतम." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणाले होते की आमचा परिचर पाठमोरा असतानाही ते त्यांच्याबरोबर पुटपुटायचा.

आमच्या तालुक्यात सरकारी नोकरांचा एक वाद्यवृंद होता. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो उभा केला होता, त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणत असू. गळा गोड, शिस्त कडक. पोस्टातले एक बाबू कीबोर्ड वाजवत, पंचायतीतले एक जण ऑक्टोपॅड, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर गायच्या. डॉक्टर बासवर. मला सूर कळत नाही, पण वेळ कळते, म्हणून माझ्याकडे व्यवस्था होती. कोण गाडी आणणार, माईक कोणाचे, चहा कधी, कोणाच्या घरी लग्न आहे आणि म्हणून कोणता रविवार टाळायचा, हे सगळं मी बघायचे.

सरांना डॉक्टर आवडत, डॉक्टरांचं वाद्य आवडत नसे. किंवा त्यांना त्याची गरज वाटत नसे. सराव शाळेत व्हायचा, आणि तिथल्या छोट्या स्पीकरमधून बासचा सूर यायचा तो फाटलेल्या पत्र्यासारखा. "तुम्ही मधेच थांबलात तर आम्हाला कळेल कसं, डॉक्टर?" असं ते हसत म्हणत. डॉक्टरही हसत. पण त्या दिवशी घरी जाताना ते गिटारीची पेटी खांद्याला न लावता लेकरासारखी दोन्ही हातांत धरून नेत, हे मी पाहिलं होतं.

मग आम्हाला भंडाऱ्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांची स्पर्धा, मोठं सभागृह, माणसाच्या उंचीचे स्पीकर. डॉक्टर त्या स्पीकरांच्या बातमीनंच हरखले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. "एकदा," ते मला म्हणाले, "एकदा फक्त खरोखरच्या स्पीकरमधून वाजवतो. मंग लोकांनी सांगावं, ऐकू येते का नाही."

आणि त्याच आठवड्यात आंधळगावची काकू म्हैस घेऊन आली.

ही काकू आमच्या दवाखान्याची जुनी ओळख. धानाची शेती, दोन म्हशी, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप एक पाऊल मागे सरके. तिला कमी ऐकू येत असे, म्हणून ती मोठ्यानं बोले, आणि जगातले बाकीचे लोक उगीच पुटपुटतात असं तिचं मत होतं. म्हैस गाभण होती. डॉक्टर सराव सोडून तसेच बाहेर आले, गिटार व्हरांड्याच्या खांबाला टेकवून ठेवली आणि म्हशीच्या पोटावर हात ठेवला. म्हशीला माशी चावली असेल. तिनं मागचा भाग असा फिरवला, जशी एखादी जाड बाई दारातून आडवी होऊन निघते. गिटार खांबावरून घसरली. तिचं डोकं, म्हणजे जिथे तारा पिळायच्या चाव्या असतात ते टोक, पायरीच्या कडेवर आपटलं. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो काकूलासुद्धा ऐकू गेला.

"माह्या म्हशीले तं काही झालं नाही ना जी?" ती पहिल्यांदा हेच म्हणाली.

मला राग आला. डॉक्टरांना आला नाही. त्यांनी गिटारीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हशीचे पाय तपासले, पोटावर पुन्हा हात फिरवला, स्टेथोस्कोप लावला, रेडकू हललेलं कळेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मायलेकरू दोघंही ठीक. आता दुसरा पेशंट."

दुसऱ्या पेशंटला त्यांनी माझ्या टेबलावर झोपवलं. आधी तारा सैल केल्या. "पहिलं काम ताण काढा. मोडलेल्या पायावर जनावर उभं ठेवत नाहीत." मग डोक्याच्या मागे स्टेथोस्कोप टेकवून बोटाच्या पेरानं लाकूड ठोकत गेले. वर ठोकलं, खाली ठोकलं, मधे ठोकलं. मधे आले की भुवई वर जायची. मान जिथे संपते आणि डोकं मागे वाकायला लागतं, नेमकी तिथे तिरपी चीर गेली होती. वरचा रंगाचा थर एका बाजूला अजून धरून होता, त्यावरच डोकं लोंबत होतं.

"मुंडकं सुटलं नाही. कातडी शाबूत आहे. बरं होईल."

मी नागपूरच्या एका वाद्यांच्या दुकानात फोन लावला, कारण मला कोणत्याही कामाचा दुसरा पर्याय आधी माहीत असावा लागतो. दुकानदार म्हणाला, त्या जागी चार जाड तारांचा सगळा ओढा येतो, जोडलेलं टिकत नाही, नवीन घ्या. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते इतके चिडले की गमबूट काढून पुन्हा घातले.

"नवीन घ्या! मॅडम, उद्या तुमच्या काकूनं म्हशीचा पाय मोडून आणला तं मी काय सांगू, नवीन घ्या?"

"माझी काकू नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी शाळेत सरांच्या कानावर गेलं. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, रविवारी शेवटचा सराव आहे. तोवर गिटार वाजली तर उत्तम. नाही वाजली तर बासचं काम बाबू कीबोर्डवर डाव्या हातानं करतील. आणि मग पुढेही तेच ठेवू. उगाच दर वेळेस ओढाताण नको. तुम्ही माईकबीईक बघा, आमच्याबरोबर राहा."

सरांच्या मनात वाईट नव्हतं. पण डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की माईक बघत बरोबर राहणं त्यांना जमणार नाही. इतकी वर्षं कोणाला न ऐकू येणारं वाद्य त्यांनी वाजवलं, ते एक दिवस ऐकू येईल म्हणून. तो दिवस समोर आला होता, आणि त्या दिवशी बाबूंचा डावा हात वाजणार होता.

पुढचा प्रकार आमच्या दवाखान्यातच घडू शकतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लाकडाचा पांढरा गोंद आणला, सगळ्यात जाड सुईच्या सिरिंजमध्ये भरला आणि चिरेत असा सोडला की एक थेंब बाहेर आला नाही. इथवर मला काम पसंत होतं. मग त्यांनी कापूस गुंडाळला, प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात बुडवल्या आणि गिटारीच्या मानेला सरळ प्लास्टर घातलं. वासराच्या पायाला घालतात तसं. गुळगुळीत, पांढरं, कडा दुमडलेल्या. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. औषधं न्यायला आलेली माणसं बघायला थांबू लागली. कोणी फोटो काढला. आंधळगावची काकू म्हशीसाठी खनिज-मिश्रण घ्यायला आली होती, तिनं कमरेवर हात ठेवले.

"पलिस्तर? गिटारले?"

"मंग काय, तुमच्या म्हशीनं हाड मोडलं तिचं."

"चारा काय देता तिले?"

"ढेप. आन संध्याकाळी थोडं तणस."

"दूध देईन का मंग?"

"तुमच्या म्हशीपेक्षा जास्त."

सगळे हसले. डॉक्टर सगळ्यात जास्त हसले.

ते प्लास्टर कापलं तेव्हा कोणी हसलं नाही. आतला कापूस ओला होता. गोंद दह्यासारखा पातळ, पांढरा, तसाच्या तसा. डॉक्टरांनी डोकं जरा उचललं आणि चीर होती त्याहून जास्त उघडली, बाजूचा रंगाचा थरही सुटला. आता डोकं खरोखरच हातात आलं.

त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले. "प्लास्टर पाणी सोडते," मग म्हणाले. "हाड पाणी पीत नाही. लाकूड पिते. हे मले कायले सुचलं नाही?" त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिळ्याला अडकवला. कामाच्या वेळेत तो त्यांच्या गळ्यात नसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "सरांना सांगून द्या, मॅडम. कीबोर्डवर घ्या म्हणा."

मला माणसांची समजूत घालता येत नाही. माझ्याकडे तो गुण नाही. मी कागद ओढला आणि पेन उघडलं. "रविवार अजून आलेला नाही. काय काय चुकलं ते सांगा, मी लिहिते. मग जे चुकलं नाही ते वेगळं लिहू."

"काय लिहिता, सगळंच चुकलं."

"गोंद कोणता वापरायचा, ते चुकलं का?"

"नाही. गोंद बरोबर आहे."

"सिरिंज?"

"सिरिंज तं एकदम बरोबर."

"मग चुकलं काय?"

ते खुर्चीत पुढे सरकले. "धरायची पद्धत चुकली. प्लास्टर हलू देत नाही, पण आवळत नाही. हाड आतून स्वतः भरून येते, त्याले फक्त थांबवून ठेवा. लाकूड स्वतः काही करत नाही. त्याले आवळावं लागते." एवढं बोलून ते उठून दाराशी गेले. बाहेर रस्त्यावरून धानाच्या भाऱ्यांनी लादलेली बैलबंडी चालली होती. भाऱ्यांवरून दोर टाकलेला, आणि दोराच्या फेऱ्यात एक काठी घालून ती पिळून अडकवलेली. खड्ड्यातून बंडी गेली तरी एक भारा हलला नाही. डॉक्टर ते गावात लहानपणापासून बघत आणि करत आले होते. ते वळले तेव्हा त्यांनी खिळ्यावरचा स्टेथोस्कोप काढून पुन्हा गळ्यात टाकला होता.

"मॅडम, लिहा. दोर. काठी. जुनी चप्पल."

"चप्पल कशाला?"

"लिहा तं आधी."

दुसऱ्या वेळचं काम मी संपूर्ण पाहिलं, त्यामुळे सांगू शकते. कोमट पाणी आणि दात घासायचा ब्रश घेऊन जुना गोंद रेषारेषांतून काढला. दोन्ही तुकडे गच्चीवर उन्हात ठेवले, वारा लागेल असे, आणि आतून लाकूड हाताला कोरडं लागेपर्यंत थांबलो. मग तुकडे कोरडेच एकमेकांत बसवून पाहिले. मोडलेलं लाकूड दातांसारखं असतं, त्याची एकच जागा असते. ती सापडली की रेष जवळजवळ नाहीशी होते. डॉक्टरांनी ती डोळे मिटून बोटांनी शोधली. मग गोंद, मग पुन्हा तीच जागा. मागचा भाग वाकडा असल्यानं लाकडी पट्टी तिथे टेकेना, म्हणून परिचराच्या जुन्या हवाई चपलेचा तळवा कापून त्या वाकड्या बाजूला लावला. त्यावर सागवानाची पट्टी, समोरून दुसरी पट्टी, त्याभोवती सुती दोर, आणि दोरात मधोमध आखूड काठी. काठी फिरवली की दोर पिळत जायचा आणि पट्ट्या जवळ यायच्या. डॉक्टर फिरवत राहिले. दोर कुरकुरला. चिरेतून गोंद बाहेर येऊ लागला.

"अर्धा पिळा सोड."

मागे काकू उभी होती. म्हैस बाहेर झाडाला बांधून ती कधी आत आली, कळलं नाही.

"का?" डॉक्टर मागे न बघता म्हणाले.

"आवळून नाही राहिला तू. गळा दाबून राहिला त्याचा. समदा गोंद बाहीर येऊन गेला तं जोडीन काय? बंडीवर एवढा पिळा देल्ला तं भारेच फुटते."

"बंडी वेगळी, हे वेगळं."

"काठी तेच, दोर तेच. वेगळं काय हाये, तुहं डोस्कं?"

डॉक्टर थांबले. काकूकडे बघितलं, काठीकडे बघितलं, आणि अर्धा पिळा सोडला. गोंद बाहेर यायचा थांबला. मग मला म्हणाले, "मी सोडणारच होतो. लिहा, अर्धा पिळा सोडला."

"कोणी सांगितलं म्हणून लिहू?"

"तेवढं लिहायची गरज नाही."

आता सगळ्यात अवघड काम उरलं होतं, काहीच न करणं. हे डॉक्टरांना जमणार नाही हे मला ठाऊक होतं. जगातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते दरडावत, हात लावू नका, हलवू नका, उघडून बघू नका. आणि स्वतः चहा उकळतो का ते बघायला झाकण काढत. मी गिटार भांडारात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. त्यांनी किल्ली मागायची जेवढी कारणं काढली तेवढी मी नाकारली. लस मोजायची होती, मी मोजली होती. उंदीर दिसला होता, भांडारात उंदीर नव्हता. शेवटी एकदा मी चहा घेऊन वळले तर डॉक्टर भांडाराच्या बंद दारापाशी वाकून उभे होते, कानात स्टेथोस्कोप, टोक दारावर.

"काही ऐकू येतं का?" मी विचारलं.

"शांत आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "चांगलं लक्षण."

रविवारी शाळेत सगळे जमले. मी किल्ली दिली होती, डॉक्टरांनी दोर सोडला होता, पट्ट्या काढल्या होत्या. मानेवर एक बारीक तिरपी रेष उरली होती, केसाएवढी. आता तारा चढवायच्या होत्या. नवीन घ्या म्हणणारा नागपूरचा दुकानदार मला आठवत होता, पण मी ते बोलले नाही. बारीक तारेपासून सुरुवात झाली. डॉक्टर थोडी पिळत, थांबत, स्टेथोस्कोप लावत, पुन्हा पिळत. सर घड्याळ बघायचे विसरले होते. बाबूंनी कीबोर्ड बंद केला होता. तीन तारा चढल्या. चौथी, सगळ्यात जाड, राहिली. तिचा ओढा सगळ्यात मोठा. डॉक्टरांनी चावी फिरवली. एकदा. पुन्हा. आणि कट्ट असा आवाज आला.

सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप रेषेवर टेकवला आणि दुसऱ्या हातानं हळूच लाकूड ठोकलं. वर, खाली, मधे. मधे आले तेव्हा भुवई जागची हलली नाही.

"तार खाचेत बसली," ते म्हणाले. "हाड बोललं नाही."

त्यांनी उरलेला ताण चढवला, चौथी तार छेडली आणि ती सुरात लागली. ऑक्टोपॅडवाल्यांनी नकळत एक ठोका दिला. माझ्या कागदावर मी 'चौथी तार' या ओळीपुढे खूण केली आणि इतकी जोरात केली की कागद फाटला.

सर पुढे आले, रेषेवरून बोट फिरवलं. मनापासून म्हणाले, "कमाल आहे, डॉक्टर." मग त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. "तरी स्पर्धेत खबरदारी म्हणून बाबूंचा डावा हात चालू ठेवू. रंगमंचावर काही झालं तर गाणं पडायला नको."

मला वाटलं, आता भांडण होणार. डॉक्टर म्हणाले, "ठेवा ना. कुबडी वाईट नसते. पेशंट चालायला लागला का काढून टाकजा."

भंडाऱ्याच्या सभागृहात मी व्यवस्थेच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. स्पीकर खरोखरच माणसाच्या उंचीचे होते. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या खुर्चीचा हात माझ्या मनगटाखाली थरथरू लागला. मला वाटलं, बाहेरून ट्रक जातो आहे. मग कळलं की थरथर गाण्याबरोबर चालू होते, गाण्याबरोबर थांबते. शेजारच्या बाई पायाच्या अंगठ्यानं ताल धरून होत्या आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. मला सूर कळत नाही, पण बोटाला लागत होतं. डॉक्टर रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात गमबूट घालून उभे होते, डोळे मिटून, सवयीनं मान थोडी कलती करून, जणू कानात अजून स्टेथोस्कोप आहे.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात सरांनी गाता गाता मान वळवली. मला वाटलं, काही चुकलं. सरांनी बाबूंकडे बघितलं आणि माईक नसलेला हात वर केला. बोटं मिटलेली, तळवा खाली, आणि तो हळूच बाजूला नेला. वर्गात पोराला पाटीवरून हात काढ म्हणून खुणावतात तसं. बाबूंना पटकन कळलं नाही. सरांनी पुन्हा केलं. मग बाबूंनी डावा हात कीबोर्डवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. गाणं पडलं नाही. उलट ते एकदम रुंद झालं, धानाच्या बांधीत पाणी सोडल्यावर होतं तसं, कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत. डॉक्टरांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी ती खूण पाहिली नाही. पण कीबोर्डचा खालचा सूर गेला तो त्यांच्या बोटांना कळला, कारण त्यांनी चौथी तार पूर्वीपेक्षा जोरात छेडली, आणि ती सगळा हॉलभर उभी राहिली.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला कोणाचा आला ते डॉक्टरांना आजही सांगता येणार नाही. परतीच्या गाडीत सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "बाबू, पुढच्या सरावापासून डाव्या हाताला सुट्टी." डॉक्टरांनी खिडकी उघडली आणि रस्त्याला लागलेल्या सगळ्या धानाच्या बंड्यांना हात केला.

पुढे ते वर्षभर आमच्यात वाजवत राहिले, मग निवृत्त होऊन गावी गेले. निवृत्तीनंतरही सरावाच्या रविवारी येत, आणि आजही येतात. त्या तिरप्या रेषेला त्यांनी कधी रंग लावला नाही. कोणी विचारलं की दाखवतात, आणि जुळणीची सगळी कथा सांगतात. तिच्यात काकू अजून नसते.

काकू मात्र स्पर्धेनंतरच्या आठवड्यातच आली होती. म्हशीचे दिवस भरत आले होते. डॉक्टर व्हरांड्यात गिटार घेऊन बसलेले. तिनं लांबूनच विचारलं, "जितले का जी?"

"दुसरे आलो."

"आन ऐकू आलं का कोनाले?"

डॉक्टर उठले. स्टेथोस्कोप कानातून काढला आणि काकूच्या कानात घातला. ती मागे सरकली, मग उभी राहिली. त्यांनी टोक गिटारच्या लाकडावर धरलं आणि चौथी तार छेडली. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा, मग सावकाश चालवत. काकूनं तोंड मिटलं. इतकी वर्षं मी तिला ओळखते, तिनं तोंड मिटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिचा हात आपोआप उचलला गेला आणि हवेतच थांबला, पोटावर ठेवावा तसा.

"अवो माय," ती हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलता येतं हेही तेव्हाच कळलं. "म्हशीच्या पोटात रेडकू फिरते तं हाताले असंच लागते."

तिनं स्टेथोस्कोप काढून डॉक्टरांच्या गळ्यात परत घातला. बाहेर झाडाला बांधलेल्या म्हशीकडे बघितलं, मग खांबाकडे, मग गिटारीकडे. आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात, रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात, डॉक्टरांना म्हणाली, "आधी तिले आत नेऊन झोपव. खांबाले नको टेकवू. मंग मी म्हैस आणतो."